नंबरवालं पेंटिंग किट: नाइट ड्यूटीवाल्या माणसाचा रिव्ह्यू, भुसावळहून

आधी स्टार सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन. ज्यांना तेवढंच बघायचं होतं ते जाऊ शकतात, बाकीच्यांनी बसा, कारण हे किट विकणारे खोक्यावर जे छापतात ना, स्ट्रेस कमी आणि क्रिएटिव्हिटी जास्त, त्यातलं पहिलं बऱ्यापैकी खरं निघालं आणि दुसरं खोक्यात नव्हतंच, ते मला बाहेरून आणावं लागलं. माझा सगळा रिव्ह्यू या दोघांच्या मधेच अडकलेला आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये. ऑनलाइन शोधलं तर ढीगभर ब्रँड येतात आणि फोटो बघितले तर सगळ्यांच्या डब्या, ब्रश, कॅनव्हास एकाच साच्यातले वाटतात, खोक्यावरचं नाव तेवढं वेगळं. त्यामुळे हा रिव्ह्यू या प्रकारच्या किटचा समजा, एका दुकानाचा नाही.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, आत काय येतं तर ४० बाय ५० सेंटिमीटरचा कॅनव्हास, त्यावर फिकट रेषांनी चित्राचे बारीकबारीक तुकडे पाडलेले, प्रत्येक तुकड्यात नंबर, २४ छोट्या डब्या, त्यांच्या झाकणांवर तेच नंबर, तीन नायलॉनचे ब्रश, आणि एक कागद ज्यावर सगळं चित्र नंबरांसकट ठळक छापलेलं. सातच्या घरात सात नंबरचा रंग, बाराच्या घरात बारा नंबरचा, बस. रंग ॲक्रिलिक असतात म्हणजे पाण्यात चालतात पण वाळले की पक्के, शर्टाला लागले तर लगेच धुवा नाहीतर तो शर्ट कायमचा पेंटिंगचा शर्ट होतो. मला हे पाचशे ते हजारच्या मधे पडलं, सेलमधे खाली पण मिळतं, आणि लाकडी फ्रेमवर ताणलेलं हवं असेल तर जरा वर जातं. वर जाऊ द्या पण ताणलेलंच घ्या, हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण खाली बोंब मारायचीच आहे.

आता मी हे का घेतलं. मी रेल्वेत आहे, भुसावळला, शिफ्टची ड्यूटी. ज्यांच्या घरात रेल्वेवाला आहे त्यांना वेगळं सांगायला नको, नाइट करून सकाळी घरी आलं की अंग थकलेलं असतं पण डोकं चालूच असतं, चहा पिऊन आडवं झालं तरी झोप येत नाही, मग माणूस मोबाइल घेतो, आणि रील बघता बघता अकरा वाजतात, ऊन चढतं, कूलर गरम हवा फेकायला लागतो आणि मग चिडचिड. ती चिडचिड घरच्यांवर निघते. बायको म्हणाली तुम्ही ड्यूटीवरून येता की भांडायला येता. हे किट खरं तर पोरीने मागवलं, सुट्टीत करीन म्हणून, मग तिची परीक्षा आली आणि खोकं कपाटावर पडून राहिलं, ते मी काढलं. चित्रकलेशी माझा संबंध शाळेतल्या त्या दोन डोंगर मधे सूर्य एक नदी एक झोपडी यापुढे कधी गेलेला नाही.

आणि इथेच या किटचा पहिला मोठा फायदा. कोरा कागद समोर ठेवून कोणी मला म्हटलं असतं की काढा काहीतरी, मन हलकं होईल, तर मन हलकं व्हायच्या जागी अजून एक टेन्शन झालं असतं. काय काढू, कसं दिसेल, कोण बघेल. किटमधे हा प्रश्नच नाही. हे फक्त माझं मत आहे असं पण नाही, अमेरिकेत करी आणि कासर नावाच्या दोघांनी २००५ मधे एक प्रयोग छापला होता, त्यात ८४ कॉलेजवाल्या पोरापोरींना आधी एखाद्या भीतीच्या प्रसंगाबद्दल लिहायला लावून मुद्दाम अस्वस्थ केलं आणि मग २० मिनिटं रंगवायला दिलं, काहींना मंडलाचं म्हणजे गोल नक्षीचं डिझाइन, काहींना चौकटीचौकटीचं, काहींना नुसता कोरा कागद. ज्यांच्यासमोर डिझाइन होतं त्यांची घालमेल चांगली उतरली, कोऱ्या कागदवाल्यांची तशी उतरली नाही. म्हणजे अस्वस्थ माणसाला जरा आखून दिलेलं काम बरं पडतं. आपल्याकडे बायकांना हे कधीचं माहिती आहे, ठिपक्यांची रांगोळी उगीच नाही रोज दारात पडत, आधी ठिपके मांडले की हात आपोआप चालतो.

प्रत्यक्ष वापराचा अनुभव असा की पहिली दहा मिनिटं वैताग, चष्मा शोधा, पाणी आणा, कापड आणा, ७ आणि १ यातला फरक ओळखा. मग एक घर भरतं, दुसरं भरतं, मग कधीतरी बाहेरून भाजीवाला ओरडत गेला तरी कळत नाही अशी वेळ येते. श्वास संथ होतो. जबडा आवळलेला असतो तो सुटतो, हे मला आरशात बघून नाही तर दाढ दुखायची बंद झाली त्यावरून कळलं. अर्धापाऊण तास बसलो की ब्रश धुवायचे आणि झोपायचं, आणि रीलनंतरची झोप आणि याच्यानंतरची झोप यात फरक पडला, निदान माझ्यापुरता तरी नक्की. बायकोने पण कबूल केलं, आणि तिच्याकडून असं काही कबूल करून घेणं म्हणजे डिव्हिजनकडून लीव्ह सँक्शन करून घेण्यासारखं आहे.

पण सगळी घरं सारखी नसतात. आकाशाची जी मोठी मोठी पट्टी होती ती भरताना कंटाळा आला, आणि पाण्यातल्या सावल्यांचे जे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे होते तिथे डोळे फुटायची वेळ आली, मजा आली ती मधल्या आकाराच्या घरांत. मिहाय चिकसेंटमिहाय नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर हेच सांगितलं, काम आपल्या हाताच्या ताकदीपेक्षा फार सोपं असलं तर कंटाळा, फार अवघड असलं तर धास्ती, आणि दोन्ही जुळलं तर माणूस त्यात बुडतो, वेळेचं भान जातं. किट बनवणाऱ्यांनी हे जरा वाचायला पाहिजे. कॉम्प्युटरला फोटो दिला आणि त्याने तुकडे पाडले असा प्रकार वाटतो, माणसाच्या हाताचा विचार कमी.

आता तक्रारी. कॅनव्हास घडी घालून आला होता, चार घड्या, मधोमध करकरीत रेघ, आणि त्या रेघेवर रंग बसतच नाही. उपाय सांगतो, कॅनव्हास उलटा करा, वर सुती कापड टाका, मंद इस्त्री फिरवा, पाण्याचा हबका जरासा, घडी जवळजवळ जाते. म्हणूनच म्हटलं ताणलेलं घ्या. दुसरं, रंग पातळ आणि फिकट रंग तर फारच पातळ, पिवळा आणि पांढरा लावला की खालचा नंबर भुतासारखा वर दिसतो, दोन हात द्यावे लागतात, काही ठिकाणी तीन, आणि मग नेमका तोच रंग संपतो. तिसरं म्हणजे आपलं ऊन. हे किट बनवणाऱ्याने खान्देशचा मे महिना बघितलेला नाही हे शंभर टक्के. आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, ॲक्रिलिक ब्रशवरच वाळतं, डबीचं झाकण दोन मिनिटं उघडं राहिलं की वर साय धरते, आणि कूलरसमोर बसलात तर अजून लवकर, कारण वारा. त्यामुळे एका वेळी एकच डबी उघडायची, टूथपिकने ढवळायचं, घट्ट झाला तर पाण्याचा एखादा थेंब, जास्त नाही. ब्रश वाटीत उभा बुडवून ठेवू नका, टोक वाकडं होतं आणि बारीक ब्रश एकच येतो. उजव्या हाताने रंगवत असाल तर वर डावीकडून सुरू करा म्हणजे हात ओल्या रंगावर घासणार नाही. चाळशी असेल तर खिडकीजवळ बसा, ट्यूबलाइटमधे फिकट निळा आणि फिकट राखाडी सारखेच दिसतात.

चौथी तक्रार चित्रांची. काय भो, सगळीकडे तीच चित्रं! बर्फाचे डोंगर, तळं, लाकडी घर, ख्रिसमस ट्रीवाली झाडं, पॅरिसचा टॉवर, हत्तीवर निळे गुलाबी डाग. तापीवरचा पूल कोणी का देत नाही, तोरणमाळचं तळं, पाटणादेवीचा डोंगर, केळीची बाग, सातपुड्यावर पावसाळ्यात उतरलेले ढग, हे का नाही. हे रडगाणं नाहीये, याचा मूडशी संबंध आहे, ते पुढे येतं.

एक दिवस मी रंगवत बसलो होतो आणि आई शेजारी येऊन बसली. आई अमळनेरकडची, अहिराणीच बोलते. बराच वेळ बघून म्हणाली, "हाई सर्व त्यास्नी ठरायेल शे, तू नुस्ता रंग भरी ऱ्हायना. यामा तुन्हं काय शे?" मी म्हटलं आई, डोकं शांत होतं. ती म्हणाली ते ठीक शे, आणि उठून गेली. पण प्रश्न ठेवून गेली. ती स्वतः गोधडी शिवते, जुन्या साड्या, धोतरं, नातवंडांचे फाटके शर्ट, कोणता तुकडा कुठे बसवायचा हे कुठेच लिहिलेलं नसतं, लाल शेजारी हिरवा आला तर ती उसवून परत लावते, आणि गोधडी चालू असते तेव्हा तिचं बोलणं पण वेगळं असतं, जुनी गाणी निघतात, कानबाईची, गुलाबाईची, शेजारच्या बायका येऊन बसतात, आणि दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या ती परत सुई हातात घेते. माझं तसं होत नव्हतं. मला किटने शांत केलं होतं, पण सकाळी उठून कधी एकदा ब्रश हातात घेतो असं काही झालं नव्हतं. औषध घेतल्यासारखं होतं ते, चिडचिड झाली की काढा, नाहीतर ठेवा कपाटावर.

मग मी जरा शोधलं आणि न्यूझीलंडमधल्या ओटागो युनिव्हर्सिटीचा अभ्यास सापडला, टॅमलिन कॉनर आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी केलेला, २०१६ मधे आला. ६५८ तरुण मुलंमुली, १३ दिवस रोज डायरी, आज किती क्रिएटिव्ह काही केलं आणि आज कसं वाटलं. निघालं असं की ज्या दिवशी माणसाने नेहमीपेक्षा जास्त काही घडवलं, सुचवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा उत्साह जास्त होता, आपलं बरं चाललंय ही भावना जास्त होती. उलटं मात्र दिसलं नाही, म्हणजे आज मूड चांगला आहे म्हणून उद्या जास्त क्रिएटिव्ह काही होईल, असं नाही. मला हे वाचून बरं वाटलं कारण आपण सगळे उलटंच करतो, मूड आला की करू म्हणतो, आणि तो काही येत नाही. आणि त्यात क्रिएटिव्ह म्हणजे मोठं काही नाही, विणकाम, क्रोशा, स्वयंपाकात नवीन काही करून बघणं, गाणं, चित्र, लिहिणं, सगळं त्यात बसतं. म्हणजे शेवभाजीच्या रश्शात कोणी नवीन डोकं चालवलं तर ते पण बसतं, आमच्या घरी ते बसू देत नाहीत ती गोष्ट वेगळी.

यात नीट बघण्यासारखी गोष्ट ही की ओटागोवाल्यांना जे वाढलेलं दिसलं तो उत्साह होता, शांतता नव्हे. आणि मंडलावाल्या प्रयोगात जे उतरलं ती घालमेल होती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि किट विकणारे दोन्ही एकाच ओळीत छापतात. घालमेल उतरवायला नंबर चालतात. उत्साह यायला मात्र त्यात आपलं काहीतरी असावं लागत असणार असं माझं मत झालं, आणि आईने तेच विचारलं होतं, तिला ६५८ लोक लागले नाहीत.

मग मी माझ्या चित्रातल्या उजव्या कोपऱ्यातली ती ख्रिसमस ट्रीवाली टोकदार झाडं सोडून द्यायचं ठरवलं. बाजारातून फेविक्रिलच्या दोन बाटल्या आणल्या, एक गडद हिरवी एक पिवळी, आणि नंबरांवरून सरळ केळी काढायला घेतल्या. बर्फाच्या डोंगरासमोर केळी, हसा, पण माझी सासुरवाडी रावेरकडची आहे, केळी डोळ्यासमोर आहेत. बायको मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली एवढी सलग पानं केळीला कुठे असतात, वाऱ्याने चिरलेली दाखवा, आणि मधे पोंगा, ते गुंडाळलेलं कोवळं पान, कुठे आहे? मी म्हटलं तूच काढ. तिने ब्रश घेतला आणि पोपटी रंगाचा पोंगा असा झटक्यात काढला की मी बघतच राहिलो, लग्नाला एवढी वर्षं झाली, बाई चित्र काढते हे मला माहिती नव्हतं. त्यानंतर सकाळी ड्यूटीवरून येताना गाडीवर मी पानांच्या हिरव्याचा विचार करत यायला लागलो, कोवळं पान पोपटी, जून पान काळपट हिरवं, खालचं वाळलेलं तपकिरी, हे तीन रंग त्या २४ डब्यांत नव्हते, ते मिसळून काढायचे होते. बायको पण विचारायची आज कुठपर्यंत आलं. हा जो फरक आहे ना, तो किटच्या नंबरांमधून आलेला नाही.

बरं, हे नंबरवालं डोकं कोणाचं, तर अमेरिकेत डेट्रॉइटला पामर पेंट नावाची रंगाची कंपनी होती, तिथे डॅन रॉबिन्स नावाचा नोकरदार आर्टिस्ट होता, त्याला मालकाने म्हणजे मॅक्स क्लाइनने सांगितलं की मोठ्या माणसांना रंग विकायचे आहेत, काहीतरी काढ. रॉबिन्सला आठवलं की लिओनार्डो दा विंची म्हणे आपल्या शिष्यांना चित्राचे भाग नंबर घालून रंगवायला द्यायचा. त्यावरून १९५१ च्या सुमाराला ही किट बाजारात आली आणि १ कोटी २० लाखांवर विकली गेली. खोक्यावर लिहायचे, प्रत्येक माणूस रेम्ब्रांट, म्हणजे तो जुना नामी डच चित्रकार. तेव्हाचे समीक्षक भडकले की ही काय कला आहे, सगळा देश एकच चित्र रंगवतोय. मला गंमत वाटते की सत्तर वर्षांनी अमळनेरची माझी आई अहिराणीत तीच टीका करते.

रेम्ब्रांटवरून आठवलं, इथून गाडीने दीड-दोन तासांवर चाळीसगाव आहे, तिथे स्टेशनजवळ केकी मूस राहायचे, कलामहर्षी म्हणतात त्यांना, फोटोग्राफर, चित्रकार, शिल्पकार, सगळंच, त्यांनी आपल्या जागेचं नाव ठेवलं होतं रेम्ब्रांट्स रिट्रीट. १९१२ चा जन्म, १९८९ ला गेले, आणि मधली कित्येक वर्षं घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत, टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून त्यांचे असे फोटो काढले की बाहेरचं जग खरं वाटावं. खान्देशातल्या माणसाने एकदा तरी त्यांची वास्तू बघावी. पण मी हे नाव अजून एका कारणासाठी घेतलं. कला केली की माणूस आनंदी होतो असं सरळ गणित जे लोक मांडतात त्यांनी केकी मूस यांच्याकडे बघावं. त्यांच्या मनात काय होतं ते सांगणारा मी कोण, पण एवढं करूनही माणूस एकटा राहू शकतो, दाराच्या आत राहू शकतो, आणि त्याची कला म्हणून काही कमी होत नाही. मूडसाठी कला आणि कलेसाठी कला यात अंतर आहे आणि माझ्या केळी त्या अंतराच्या अलीकडच्या टोकाला आहेत, हे मला मान्य आहे. (जळगाव जिल्ह्यातला माणूस कलेबद्दल लिहायला लागला की पाचव्या ओळीत बहिणाबाई येतातच, मी यावेळी मुद्दाम त्यांना त्रास दिलेला नाही.)

अजून एक अभ्यास सगळीकडे फिरतो तो पण सांगतो कारण किट विकणारे त्याचाच आधार घेतात. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीत गिरिजा कैमल यांनी २०१६ मधे केला, ३९ मोठी माणसं, ४५ मिनिटं, माती, मार्कर, कागदाचं कोलाज, जे हवं ते करा. आधी आणि नंतर लाळ घेऊन कॉर्टिसॉल मोजलं, म्हणजे ताणाचं हार्मोन. जवळजवळ ७५ टक्के लोकांचं उतरलं. चित्रकलेचा अनुभव असो नसो, फरक पडला नाही, माझ्यासारख्याला हे वाचून फार बरं वाटतं. पण पूर्ण वाचा. उरलेल्यांचं उतरलं नाही, उलट काहींचं वाढलं, आणि शेजारी असा दुसरा गट नव्हता ज्यांना ४५ मिनिटं नुसतं बसवून ठेवलंय, आणि कॉर्टिसॉल तसंही सकाळी जास्त असतं आणि दिवसभरात उतरत जातं. म्हणून हे खोटं असं मी म्हणत नाही, पण पाचशे रुपयांच्या खोक्यावर सायंटिफिकली प्रूव्हन असं छापायला हे पुरत नाही. आणि लक्षात घ्या, त्या लोकांना नंबर दिले नव्हते, त्यांनी त्यांच्या मनाचं केलं होतं.

आमच्या ऑफिसातल्या एका दादाने माझं ऐकून हे किट घेतलं, त्याला बऱ्याच दिवसांपासून कशातच मन लागत नव्हतं, जेवण कमी, बोलणं कमी. त्याने दोन दिवस रंगवलं आणि ठेवून दिलं, म्हणाला हे पण जमत नाही मला. त्याच्यासाठी हे किट नव्हतंच, त्याला डॉक्टरची गरज होती, आता तो डॉक्टरकडे गेला पण आहे. असं कोणी घरात असेल तर रंग आणून देऊ नका आधी, मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, तो द्या. रंग नंतर.

कस्टम किटबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणजे आपला फोटो पाठवायचा आणि त्याचंच नंबरवालं चित्र येतं. पोरीने आजीचा फोटो टाकून मागवलं. आयडिया भारी, पण छोट्या कॅनव्हासवर चेहऱ्याचे एवढे तुकडे पडतात की गालावर नकाशा उमटल्यासारखा दिसतो, डोळे तर दोन ठिपके. चेहरा हवा असेल तर मोठा साइज घ्या आणि जास्त रंगांचं घ्या, आणि फोटो उजेडातला, जवळून काढलेला, मागे पडदा-बिडदा नसलेला. आईने आपलं चित्र बघून विचारलं हाई कोन शे, यावरून समजा. झाडं, देऊळ, शेत असले फोटो बरे निघत असणार, माझ्या डोक्यात हतनूर धरणाचा एक फोटो आहे तो पाठवून बघणार आहे.

कोणी घ्यावं? शिफ्टवाल्यांनी, रिटायर होऊन घरात येरझाऱ्या घालणाऱ्यांनी, संध्याकाळी मोबाइलमधून मान वर न काढणाऱ्या पोरांच्या आईवडिलांनी (आधी स्वतःसाठी, पोरांसाठी नंतर), आणि ज्यांना कोऱ्या कागदाची भीती वाटते अशा सगळ्यांनी. कोणी घेऊ नये? ज्यांना चित्र येतं त्यांनी, त्यांचा जीव गुदमरेल. आणि ज्यांच्या घरात आधीच गोधडी, भरतकाम, भजनी मंडळ, तबला, काहीतरी चालू आहे त्यांनी हे पैसे त्याच्यावरच घालावेत.

साडेतीन स्टारचा हिशोब असा की दोन स्टार सकाळच्या झोपेला, एक चिडचिड कमी झाल्याबद्दल, अर्धा बायकोच्या पोंग्याला. कापलेले दीड घडी, पातळ पिवळा आणि पॅरिसच्या टॉवरसाठी.

घ्यायचंच असेल तर पहिल्यांदा ३० बाय ४० घ्या, एवढं मोठं घेतलं तर मधेच सोडून द्याल. २४ रंगांच्या वर जाऊ नका. फ्रेमवालं. ऑर्डर शक्यतो उन्हाळा संपल्यावर करा, पार्सल तापलेल्या गाडीत फिरून आलं तर डब्या आधीच घट्ट झालेल्या निघतात, आणि खोकं आलं की त्याच दिवशी चोवीसच्या चोवीस झाकणं उघडून बघा, कारण परत करायची मुदत थोडेच दिवस असते आणि आपण ते कपाटावर ठेवून देतो.